गूळझिंग्यांची काळी कढई

मित्रांनो, तोंड वाकडं करू नका. हो, मी काळी आहे. बाहेरून काळी, आतून काळी, बुडाशी तर कोळशालाही लाज वाटावी इतकी काळी. मी एक जुनी लोखंडी कढई आहे आणि पुसदच्या एका गल्लीत, कांताबाईंच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. मला दोन चांगले मोठे कान आहेत. तोंड तर परातीएवढं आहे. पण ज्या लोहारानं मला घडवलं, तो त्या तोंडात जीभ घालायला विसरला. त्याच्या त्या विसरण्यापायी एकदा दोन मैत्रिणींची तीस वर्षांची दोस्ती तुटायला आली होती. तीच गोष्ट सांगते. बसा नीट.

माझा जन्म बोरी अरबच्या बाजारातला. लोहार सांडशीनं पत्रा धरायचा आणि त्याची बायको घण घालायची. काय हात होता त्या बाईचा! एकेका घावाला मी कळवळायची, पण आकारही येत गेला. मला वाटलं, आता रंगरंगोटी होईल. कसली रंगरंगोटी! तशीच गोणपाटावर मांडली. तेवढ्यात एक म्हातारी आली आणि तिनं मला बोटाच्या पेरानं टणटण वाजवून पाहिलं.

"लेकीच्या लग्नाले पाहिजे," ती म्हणाली. "पातळ नको, जाड दे."

"हीच घे माय," लोहारीण म्हणाली. "पण हिले घासत बसू नका. तेल पाजा, जाळावर ठेवा. वरसा दोन वरसांत अशी मुरन, का पिठलंही चिकटणार नाही."

ती लेक म्हणजे कांताबाई. त्यांच्या लग्नात मी रुखवतात बसून पुसदला आले. पहिलं वर्ष आमचं दोघींचंही कठीण गेलं. त्या नव्या, मी नवी. पिठलं चिकटे, भाजी करपे, त्या मला बोलत आणि मी त्यांना चटके देई. पण कांताबाईंनी लोहारणीचं ऐकलं. रोज रात्री मला पुसायच्या, जवसाच्या तेलाचं बोट फिरवायच्या आणि विझत्या चुलीवर ठेवायच्या. हळूहळू माझ्या अंगावर काळी, गुळगुळीत साय धरली. तो मळ नव्हे बरं का मित्रांनो! तेल आणि जाळ या दोघांनी मिळून मला दिलेली ती कातडी आहे. ती येईपर्यंत लोखंडाची कढई निव्वळ लोखंड असते.

शेजारच्या घरात सोनीबाई राहतात. दोन्ही अंगणांच्या मधे कमरेएवढी भिंत. सोनीबाई बंजारा समाजातल्या. त्यांचे यजमान सेवादास पुढं उमरखेडकडं एका गुऱ्हाळावर गुळाचं काम करायचे. त्यामुळं गूळ केव्हा रागावतो, केव्हा लाडात येतो, हे सोनीबाईंना नुसत्या वासावरून कळतं. एका संक्रांतीला त्यांनी भिंतीवरून हाक मारली, "कांता, तुही कढई दे वं. माह्या पातेल्यात पाक जळते." मी गेले. चिक्की छान झाली.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगते. उसनं नेलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. चिमूटभर साखर, एखादा कांदा, काहीतरी घालूनच द्यायचं. त्या दिवशी सोनीबाईंना गावाला जायची घाई. माझ्यात काही घालून देणार तर चिक्की पाहुण्यांनी संपवलेली. "तळाले पाक आहे थोडा, तसाच ठेव," म्हणत त्यांनी मला भिंतीवरून दिलं आणि पळाल्या.

तेवढ्यात कांताबाईंचे यजमान मारोतीराव धरणावरून ताजे झिंगे घेऊन आले. कांताबाईंनी ते सोलले, पाठीतला काळा दोरा काढला, हळद, तिखट, मीठ, लसूण लावलं, तांदळाच्या पिठात घोळवले आणि तव्यावर कडक तळले. काढून ठेवायला हाताशी दुसरं भांडं नव्हतं म्हणून माझ्यात टाकले. मी चुलीच्या कडेला गरम बसले होते. माझ्या तळाचा पाक वितळला आणि बघता बघता झिंग्यांना गुंडाळून बसला!

"अजी, चुकलं," कांताबाई घाबरून म्हणाल्या. "झिंगे गोड झाले."

मारोतीरावांनी एक तोंडात टाकला. कुर्रर्र! मग दुसरा. मग ताटच जवळ ओढलं.

"अशी चूक रोज करत जाय," ते म्हणाले.

अशी आमच्या घरी गूळझिंग्यांची सुरुवात झाली. पुढं ते दर वर्षी होऊ लागले, दोन्ही घरांचे मिळून. पण गंमत ऐका. कांताबाईंना पाक जमेना, सोनीबाईंना तळण जमेना. सोनीबाईंनी तळलेले झिंगे चपलेच्या पट्ट्यासारखे होत आणि कांताबाईंचा पाक एकतर पाणी, नाहीतर दगड. म्हणून तळायच्या कांताबाई आणि पाकाला भिंत ओलांडून यायच्या सोनीबाई. भांडणंही खूप व्हायची. "गॅस मोठा कर!" "तू सांगू नको मले!" दोघी माझे दोन कान धरून वाद घालायच्या आणि मी मधे सुखानं तापायची. असे दिवस होते माझे.

आता ती संक्रांत आली, जिचं नाव काढलं तरी माझं अंग खरवडल्यासारखं होतं. सोनीबाईंच्या घरी त्या वर्षी नवी सून आली होती, पायल. मारेगावची पोर, हसतमुख, कामाला वाघीण. लाडवांसाठी मी त्यांच्याकडं गेले. लाडू झाले आणि सोनीबाई आठ दिवस माहेरच्या तांड्यावर लग्नाला गेल्या. मी राहिले पायलच्या हातात.

आणि ती मला घेऊन मोरीत बसली. आधी साबण, मग पावडर, मग तारेची घासणी! मी आतल्या आत ओरडत होते, अगं पोरी, ती माझी कातडी आहे! पण जीभ कुठं होती मला? तीन दिवस तिनं मला घासलं. चौथ्या दिवशी मी चांदीसारखी चमकत होते आणि थंडीत उघड्या अंगानं उभं राहिल्यासारखं मला वाटत होतं.

पायलनं मला कांताबाईंच्या दारात नेलं. आनंदानं तिचे डोळे चमकत होते. कांताबाईंनी मला पाहिलं. आत पाहिलं. मी रिकामी होते.

त्यांचा चेहरा उतरला. "ठेव तिथं," एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मित्रांनो, एका भांड्यासाठी एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण त्या संध्याकाळी कांताबाई मारोतीरावांना जे म्हणाल्या ते मी ऐकलं. त्या लहान असताना त्यांच्या वडिलांना गावच्या हॉटेलात वेगळ्या कपात चहा मिळे आणि तो कप त्यांनीच विसळून ठेवायचा. आपल्या जातीला लोक काय समजतात हे त्या पोरीला त्या कपानंच शिकवलं होतं. पुढं त्या शिकल्या, पुसदला आल्या, ताठ मानेनं जगल्या. पण काही गोष्टी मनाच्या तळाला चिकटून राहतात.

"तीस वर्सं सोनीनं कधी घासली नाही माही कढई," त्या म्हणाल्या. "नव्या सुनेले आमच्या घरचं भांडं इतकं खरवडून काढा लागलं? आणि रिकामं देलं. मी समजली काय समजायचं ते."

"अवं, विचारून तर पाह्य," मारोतीराव म्हणाले.

"कायले विचारू? मले नाही विचारायचं."

सोनीबाई गावाहून आल्या. भिंतीवरून हाक मारली. कांताबाईंनी ओ दिली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग सोनीबाईही फुगल्या. "दर टायमाले मीच काहून बोलू? माह्याही तोंडाले कुलूप आहे म्हणा," असं त्या आपल्या अंगणातल्या तुळशीला मोठ्यानं सांगत होत्या, म्हणजे आम्हाला ऐकू यावं. भिंत कमरेएवढीच होती, पण त्या महिन्यात ती ताडाएवढी झाली. मी ओट्याखाली पडले. कातडी गेलेलं लोखंड ते, चार दिवसांत मला तांबूस गंज चढला. दुःख गंजाचं नव्हतं. आपल्यामुळं हे झालं आणि आपल्याला सांगता येत नाही, याचं होतं. मला रडू येत होतं हो, पण कढईला रडायचीही चोरी, लगेच गंजते.

एका रविवारी दुपारी मारोतीराव झिंगे घेऊन आले. पिशवी ठेवत म्हणाले, "सोनीले आवाज दे."

"मले येते पाक," कांताबाई म्हणाल्या. "कोणाची गरज नाही."

त्यांनी मला बाहेर काढलं, गंज पुसला आणि तेल तापवलं. मी मनात म्हटलं, आता माझी फजिती होणार! आणि झालीच. माझ्या उघड्या अंगाला झिंगे असे चिकटले की पीठ माझ्याकडं आणि झिंगे उघडे. कांताबाई झाऱ्यानं खरवडतायत, पुटपुटतायत. कसेबसे काढले आणि गूळ टाकला. गूळ एका जागी बसला तो हलेचना. धूर निघाला. कडू, काळा धूर खिडकीतून थेट भिंतीपलीकडं गेला.

पलीकडं सोनीबाई तूर निवडत होत्या. नाकाला वास लागला. एक मिनिट दम धरला असेल, फार तर दीड.

"कांते! गूळ जळून राह्यला तुहा!"

"जळू दे! माहा गूळ आहे, माह्या घरी जळते!"

"अवं, गॅस बंद कर पह्यले, मंग भांड माह्यासंग!"

आणि महिनाभर न बोललेली ती बाई साठीच्या घरात आलेली असून लुगडं सावरत भिंतीवरून चढून आली! येऊन मला खाली उतरवलं, आणि माझ्याकडं बघतच राहिली.

"हे काय? ही कोणाची कढई?"

"ओळखली नाही?" कांताबाई म्हणाल्या. "तुह्याच घरून अशी आली. सोलून. रिकामी. माह्या घरचा विटाळ धुऊन काढला तुह्या सुनेनं."

सोनीबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. मग अशी हाक मारली की गल्लीतली कुत्री उठली. "पायल! ए पायल!"

पायल पिठाच्या हातानं धावत आली. सगळं ऐकलं आणि तिथंच रडायला लागली.

"मावशी, तसं नाही वं," ती म्हणाली. सासूला ती बंजारा बोलीत याडी, म्हणजे आई म्हणते. "याडी सांगे, कांतामावशीची कढई म्हणजे आपल्या घरची मोठी वस्तू. म्या म्हटलं, एवढी जुनी झाली, नवी करून देऊ. माह्या माहेरी सगळी भांडी स्टीलची. लोखंड काळंच चांगलं, हे मले कोणी सांगतलंच नाही." तिनं हात पुढं केले. बोटांवर घासणीच्या ओरखड्यांच्या खुणा अजून दिसत होत्या.

"आणि रिकामी काहून देली?" कांताबाईंनी हळूच विचारलं.

"लाडू ठेवले व्हते आत. मंग वाटलं, डाग पडन, मेहनत वाया जाईन. म्हणून डब्यात घेतले. डबा पदराखाली व्हता मावशी. तुम्ही दारच लावून घेतलं." ती धावत घरी गेली आणि डबा घेऊन आली. एक महिना तो तसाच राहिला होता. कोणी खाल्ले नव्हते. ते कांतामावशीचे लाडू होते.

कांताबाईंनी लाडू हातात घेतला आणि तोंडाला पदर लावला. मी पाहिलं, त्या रडत होत्या आणि हसतही होत्या.

"तीस वर्सं तुह्या ताटात जेवली मी," सोनीबाई म्हणाल्या. "आणि तुले असं वाटलं?"

"वाटलं सोने. खोटं कायले सांगू. जुनं दुखणं आहे, धक्का लागला का ठणकते. पण मी विचारलं पाह्यजे व्हतं."

"म्या तरी कुठं विचारलं? मी तुळशीले सांगत बसली."

"आता ते चिकटलेले झिंगे तरी द्या," मारोतीराव आतून ओरडले. "भूक मेली माही!" आणि सगळे हसले.

दुसऱ्या दिवसापासून पायलनं मला ताब्यात घेतलं. अंगणात चूल पेटवली, मला जवसाचं तेल पाजलं, धूर निघेपर्यंत तापवलं, पुसलं, पुन्हा पाजलं. आठ दिवस हेच. तिच्या नाकाला काजळी आणि मला माझा रंग! पुढच्या रविवारी गूळझिंगे झाले. कांताबाईंनी झारा पायलच्या हाती दिला. "गर्दी करू नको, थोडे थोडे टाक," त्या म्हणाल्या. एकही झिंगा मला चिकटला नाही, सांगायला मला अभिमान वाटतो. मग लसूण, तीळ, सुकी मिरची आणि गूळ. सोनीबाईंनी पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला. टण्णकन वाजला. "आता टाक!" झिंगे पडले, पाक लपेटला गेला, खाली उतरवून लिंबू पिळलं. मग बराच वेळ घरात कुर्रर्र, कुर्रर्र एवढाच आवाज होता. दोघींना अर्धं अर्धं येणारं काम आता एकाच पोरीला पूर्ण येतं. त्या दोघी मात्र अजून तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून भांडतात.

जेवणं झाल्यावर पायल मला घेऊन मोरीकडं निघाली. कांताबाईंनी तिचा हात धरला.

"धुऊ नको. तुह्या सासऱ्याले झिंगे ठेवले आहेत आत. तशीच ने."

मी पाकानं माखलेली, तळाला चार झिंगे घेऊन भिंतीवरून पलीकडं गेले. सकाळी परत आले तेव्हा माझ्यात दोन लाडू होते.

मित्रांनो, घरी एखादी लोखंडी कढई किंवा तवा असेल तर साबण, तारेची घासणी लावू नका. गरम पाण्यानं धुवा, जाळावर कोरडी करा, तेलाचं बोट फिरवा. आणि कुणाच्या घरून एखादं भांडं जरा वेगळं होऊन आलं, तर दार लावण्याआधी एकदा विचारा. भांड्याला जीभ नसते, तुम्हाला आहे. मला चकचकीत करायची कुणाला हौस वाटलीच, तर त्यानं आधी माझ्या तळाशी वाकून बघावं. तीस वर्षांची दोस्ती, तेल, जाळ आणि दोन घरांचा गूळ मुरलाय तिथं. मला काळीच राहू द्या.