दसऱ्याला पडलेला प्रोब

डॉक्टर ईशानीचं डोकं सकाळीच फिरलं. कर्जतच्या या दवाखान्यात ती आठवड्यातून दोनदा सोनोग्राफी करायला यायची. बाकीचे दिवस मालक डॉक्टर केयूर स्वतःच मशीन चालवायचे. काल त्यांनी पोशीर गावच्या हर्षलाला सांगून टाकलं होतं, बाळाचे ठोके नाहीत, उद्या पिशवी साफ करू. आणि आज ती पोर उपाशीपोटी बाकावर बसली होती, शेजारी सासू धोंडूबाई.

"मी एकदा बघते," म्हणत ईशानीने तिला आत घेतलं.

पोटावर प्रोब, मशीनचा तो हातात धरून फिरवायचा भाग, टेकवला आणि पडद्याच्या मधोमध काळी पट्टी उभी राहिली. प्रोब सरकवला तरी पट्टी तिथेच.

"ही अजून आहेच का?"

"दसऱ्यापासून येते. मला सवय झालीय," केयूर म्हणाले.

सवय! दसऱ्याला मशीनची पूजा झाली, तेव्हा केयूरच्या आईने, मालतीबाईंनी, प्रोबलाही झेंडूची भलीमोठी माळ घातली. त्या वजनाने तो घसरून फरशीवर आपटला. देवाच्या कामात काही होत नसतं, म्हणत बाईंनी त्याला पुन्हा कुंकू लावलं. तपासणीला माणूस बोलवा, म्हणून ईशानी तेव्हापासून कानीकपाळी ओरडत होती. हारफुलं, पेढे सगळं साग्रसंगीत, आणि तपासणी म्हटलं की यांच्या कपाळाला आठ्या!

तिने प्रोब पुसला आणि एक पेपरक्लिप त्याच्या तोंडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. क्लिप सरकेल तशी पडद्यावर उजळ रेघ सरकत होती. क्लिप मध्यावर आली आणि रेघ गायब झाली. प्रोबची बोटभर जागा ठार मेली होती.

"पेशंटसमोर तमाशा नको," केयूर पुटपुटले.

"तमाशा तुम्ही मांडलाय!" ईशानी कडाडली. तिने कपाटातला दुसरा प्रोब काढून लावला. काळ्या पट्टीच्या जागी आता इवलंसं काहीतरी लुकलुकत होतं. "हर्षला, बघ. ठोके आहेत तुझ्या बाळाचे."

हर्षलाला हुंदका फुटला. धोंडूबाईने सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, पण तिची नजर केयूरवर होती.

"दसऱ्यापासना म्हनलात ना? दिवाळीनंतर माजी लेक, संजना, याच खाटंवर झोपली व्हती. ठोके नाय, म्हनलात. पिशवी साफ केलीत." तिचा आवाज चढला. "तिचं बी जितं व्हतं का रं, डॉक्टर?"

केयूरनी मान खाली घातली. ईशानीने हातातला प्रोब खाली ठेवला. याचं उत्तर आता कुठल्याच तपासणीतून मिळणार नव्हतं.