पवळ्याचा डावा गुडघा

मित्रांनो, मी मद्रासच्या जटक्याचा एक जुना घोडा आहे. जटका म्हणजे इकडचा टांगा. माझा रंग पोवळ्यासारखा तांबूस, म्हणून धन्याने माझं नाव पवळ्या ठेवलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ धावलो, पण त्याहून जास्त घाबरलो.

लहानपणी मी एका शर्यतीच्या शौकिनाकडे होतो. हाडं कोवळी असतानाच त्याने मला भरधाव पळवलं. एका वळणावर माझा पुढचा डावा पाय मुरगळला आणि गुडघा टम्म सुजला. सूज उतरली, पण मी त्याच्या मनातूनही उतरलो. मग मला राणोजीने विकत घेतलं. राणोजी तंजावरच्या मराठ्यांपैकी. घरात मराठी बोलायचा, रस्त्यावर तमिळ. त्याची बायको राजसबाई. चिंताद्रिपेटेत त्यांच्या घरामागेच माझी पागा होती.

ते दिवस फार चांगले होते. एग्मोर स्टेशनात आगगाडी थांबली की लोक ट्रंका आणि वळकट्या घेऊन आमच्याकडेच येत. "पवळ्याचा जटका हलत नाही, पाण्यावरून गेल्यासारखा जातो," असं म्हणत. लग्नसराईत माझ्या गळ्यात अबोलीची माळ पडे.

मग एका पहाटे मला पाय उचलवेना. डाव्या गुडघ्यात कुणी खडे भरल्यासारखं वाटलं. गल्ली ओलांडेपर्यंत तो मोकळा झाला, म्हणून मी गप्प राहिलो. मित्रांनो, आम्ही घोडे दुखणं लपवतो. लंगडा घोडा कुठे जातो ते मी पाहिलं होतं. आमच्या जटक्यांच्या अड्ड्यावर सुब्बा नावाचा घोड्यांचा दलाल यायचा. तो कुणाच्या डोळ्यांत बघत नसे, फक्त पायांकडे बघे. त्याने नेलेला एकही घोडा अड्ड्यावर पुन्हा दिसला नाही. तो आला की मी दुखऱ्या पायावर मुद्दाम भार देऊन ताठ उभा राहायचो. घाम फुटायचा, पण हलायचो नाही.

अशाने दुखणं वाढतच गेलं. एकदा पावसात पुलाच्या उतारावर मागून जटक्याचा भार आला आणि गुडघा दुमडला. मी कोसळलो. आत एक म्हातारा आणि त्याची लेकुरवाळी सून होती. पोराच्या किंकाळीने मला स्वतःचं दुखणंही कळेना. कुणाला लागलं नाही, पण तेव्हापासून उतार दिसला की माझ्या अंगाला कापरं भरू लागलं.

राणोजीने मला पागेत बांधून ठेवलं. "विश्रांती घे रे राजा," म्हणत तो मायेने पाटीभर हुलगे घालायचा. मी खात राहिलो, उभा राहिलो. अंग जड झालं, पाय आणखी आखडला. मायेने दिलेली विश्रांतीही मला बाधली.

शेवटी सुब्बा घरी आला. माझ्या गळ्यात त्याने स्वतःचा दोर अडकवला. राणोजी भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी खुर रोवले, पण दुखऱ्या पायात जोर कुठला? तेवढ्यात मागच्या पायऱ्या उतरत राजसबाई आली. एकेक पायरी, कठडा धरून, ओठ दाबून. ती येऊन थेट माझ्यापुढे उभी राहिली.

"याला पहाटे पाय उचलवत नाही. थोडं चाललं की मोकळा होतो. होय की नाही?" तिने विचारलं.

"होय," राणोजी म्हणाला.

"माझंही तसंच होतं. पीठ वाटायला रगड्यापाशी बसलं की उठवत नाही. तुम्हाला सांगितलं नाही, भीती वाटली. माझी आई अशीच अंथरुणाला खिळली. मग आता काय, मलाही याच दोराने बांधून देणार?"

राणोजीने तिच्याकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच. मग त्याने माझ्या गळ्यातला दोर काढून सुब्बाच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी ती दोघं मला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. मला तिथेही मरणाचीच भीती वाटत होती. डॉक्टर वादिराज तंजावरकडचेच. त्यांनी माझा गुडघा हळूच वाकवला. आत करकर वाजलं.

"हाडांच्या टोकांवर मऊ गादी असते, ती झिजली आहे," ते म्हणाले. "जुना मार, वर्षांचं ओझं. झिजलेलं परत येत नाही. पण म्हणून पाय संपला असं नाही. याचं वजन उतरवा. ओझं हलकं करा. बांधून ठेवू नका, रोज सपाट मातीवर हळूहळू चालवा. नाल नीट बसवा, शेक द्या. फार दुखेल तेव्हा ही पूड द्या."

"माणसालाही हेच होतं काय, सामी?" राजसबाईने विचारलं.

"होतं, अम्मा. पण मी जनावरांचा डॉक्टर. तुम्ही मोठ्या दवाखान्यात दाखवा. घाबरून घरी बसू नका, बसण्याने ते वाढतं."

ती मोठ्या दवाखान्यात जाऊन आली. तिलाही असंच सांगितलं गेलं. आता ती स्टुलावर बसून एकेक पाय सरळ करते आणि क्षणभर तसाच धरते, म्हणजे मांडीला बळ येतं. रगड्यापाशी आता राणोजी बसतो. मी माणसं ओढत नाही, बाजारातून फुलांच्या हलक्या टोपल्या आणतो. थंडीत गुडघा दुखतोच. काही सकाळी आम्हा दोघांनाही वाटतं, आज उठवणार नाही. तरी उन्हं आली की ती माझी आयाळ धरते आणि आम्ही कूम नदीकडच्या मातीच्या रस्त्याने सावकाश जाऊन येतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी कठडा धरून उतरत असेल, बसताना कण्हत असेल, तर त्याला "वयच झालं" म्हणून सोडून देऊ नका. दुखतं का, असं विचारा. कदाचित तो भीतीने गप्प असेल. त्याला डॉक्टरकडे न्या, आणि त्याच्या पावलाने त्याच्याबरोबर चाला.

काल राणोजी माझे खुर साफ करायला खाली बसला. उठताना त्याचा गुडघा कटकन वाजला आणि तो तसाच थबकला. त्याने घाबरून घराकडे पाहिलं, राजसबाईने ऐकलं तर नाही ना म्हणून. मी मान खाली घातली, अगदी त्याच्या हाताशी. त्याने माझी आयाळ धरली आणि उठला. मग थोडा वेळ कपाळ माझ्या मानेवर टेकून उभा राहिला, आणि हाक मारली, "राजसा, अगो, जरा बाहेर ये. तुला काही सांगायचं आहे."