लाल दोरा, पांढरा दोरा

बाजाराच्या दिवशी डोंगरावरच्या वाडीतून एकटा हरिबा पोलादपुरात उतरायचा आणि सगळ्या वाडीची औषधं घेऊन जायचा. वाचण्याच्या नावानं बोंब, म्हणून डॉक्टर किरणनी प्रत्येक पुडीला दोऱ्याची खूण ठरवून दिली होती. चिमाबाईच्या गुडघेदुखीला लाल, सुंदराबाईच्या साखरेच्या आजाराला पांढरा.

त्या दिवशी पुड्या बांधल्या नव्या डॉक्टरणीनं, आम्रपालीनं. हरिबा गेल्यावर किरणनी सहज विचारलं, "चिमाबाईला लाल बांधलास ना?"

आम्रपाली ताडकन उठली. नेमकं उलटं बांधलं होतं. साखर उतरवणाऱ्या गोळ्या चिमाबाईच्या घरी निघाल्या होत्या, आणि आज तिची संकष्टी, म्हातारीच्या पोटात अन्नाचा कण नाही. ती चपला न घालताच एसटी स्टँडकडे पळाली. मागून किरण.

स्टँडवर ही मुंग्यांसारखी माणसं. वाडीकडची गाडी कुठली, हरिबा कुठे, काही कळेना. तिनं कंट्रोलरच्या खोलीत घुसून माईकच धरला.

"चूक झाली असं बोलू नकोस," किरण दम खात पुटपुटले. "नुसतं बोलाव. उद्या कोण येईल आपल्याकडे?"

"हरिबा, दवाखान्यात या," ती माईकवर म्हणाली. कोणी हललं नाही. धरलेली जागा सोडून कोण उतरतंय? तेवढ्यात एका गाडीची घंटी वाजली. तिला रडूच फुटायचं बाकी होतं. गेली आपली अब्रू तर गेली, तिनं ठरवलं.

"हरिबा, मी डॉक्टर आम्रपाली. माझ्या हातून दोरे बदललेत. ती पुडी दिलीत तर चिमाबाईच्या जिवावर बेतेल. माझी चूक आहे, गाडीतून उतरा!"

 सुटलेली गाडी कचकन थांबली आणि पिशवी छातीशी धरून हरिबा धावत आला.

"आगो बाय," तो धापा टाकत म्हणाला, "आधी येवडं नाय का बोलायचं? मला वाटलं काय इसरलं आसल, बगू फुडच्या बाजारी."

आम्रपाली हसतही होती, रडतही होती. तिनं तिथंच दोरे सोडून पुन्हा बांधले. आता किरणसर काय म्हणतील, म्हणून तिनं भीतभीत वर पाहिलं.

माईक किरणांच्या हातात होता. कान लालबुंद झाले होते.

"कापडे गावचे गोमाजी किंवा त्यांच्या घरचं कोणी इथं असेल तर ऐका," ते म्हणाले. "मागच्या बाजारी रक्तदाबाची गोळी मी दुप्पट सांगितली. नंतर लक्षात आलं, पण गुपचूप बदलून देऊ म्हणून गप्प बसलो. आज अर्धीच घ्या. मी डॉक्टर किरण, आत्ता तुमच्याकडेच निघालोय."