निळ्या दिव्याखालची छकुली

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पण अभ्यासाच्या टेबलावरचा नव्हे. मी नवजात बाळांच्या वॉर्डातला निळा दिवा. सूर्य, तारे, काजवे यांचा उजेड उपजतच असतो. आम्हाला मात्र माणसाने घडवले. कारखान्यात माझ्या नळ्या बसवल्या, चाकांच्या स्टँडवर मला चढवले आणि "जपून, जपून" असे ओरडत हमालांनी इथे आणून सोडले.

काही बाळांना जन्मानंतर कावीळ होते. अंगात पिवळे द्रव्य साचते. माझा उजेड त्वचेवर पडला की ते शरीराबाहेर पडायला मदत होते. एवढेच माझे काम.

एका दुपारी एक बाळंतीण, तिची बहीण आणि सासरे घाईघाईने आत आले. बाळंतिणीच्या कुशीतल्या बाळाला सगळे छकुली म्हणत.

"खोलीत पडदे ओढलेले आणि दिवसभर पिवळा बल्ब," मावशी डॉक्टरीणबाईंना सांगत होती. "त्या उजेडात आम्ही सगळेच पिवळे दिसायचो! आज हिला खिडकीशी नेलं, तर ही एकटीच पिवळी!"

रक्त तपासले. कावीळ बरीच चढली होती.

"बरं झालं आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगावर काढलं असतं तर मेंदूला धोका होता. आता दिव्याखाली ठेवू."

आजोबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "अहो, बाहेर लख्ख ऊन पडलंय. धरतो की तिला उन्हात! हे निळं भूत कशाला?"

मला जरा लागलेच.

"आजोबा, उन्हाचं बटण कुणाच्या हातात आहे? एवढी कोवळी कातडी भाजेल. ढग आला की उपचार बंद. हा दिवा हवा तेवढाच उजेड देतो, एकसारखा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

छकुलीच्या डोळ्यांवर मऊ पट्टी बांधून तिला माझ्याखाली झोपवले. तिने रडून वॉर्ड डोक्यावर घेतला. आईने तिच्या पावलावर हात ठेवला, तेव्हा कुठे ती शांत झाली. मध्येमध्ये आई तिला दूध पाजायला घेई, मग पुन्हा माझी पाळी. आजोबा स्टुलावर बसून माझ्यावर पहारा देत होते. सूर्य वेळेवर मावळून गेला, मी जागाच. खोटे कशाला बोलू, मनातून मी थोडा फुगलो होतो.

सकाळी सिस्टर आल्या आणि त्यांनी मला चक्क बंद केले.

"अहो, बंद का केलात?" आजोबा ताडकन उठले.

"याच्या निळ्या उजेडात बाळाचा खरा रंग कळत नाही, आजोबा."

त्यांनी छकुलीला खिडकीशी नेले. कोवळा उजेड तिच्या गालावर पडला. पिवळेपणा बराच उतरला होता! रक्ताच्या तपासणीतही तेच आले. आईच्या डोळ्यांतून पाणी आले आणि तोंडावर हसू. आजोबांनी माझ्या स्टँडवर हात फिरवला. "बरं केलंस रे बाबा," ते पुटपुटले.

पुढे वॉर्डात नवे, सडपातळ दिवे आले. मी आता शिकाऊ नर्सच्या वर्गात असतो. त्या माझ्यावर सराव करतात, कधी धूळ पुसायला विसरतात. पण माझे बरे चालले आहे.

मित्रांनो, दिवसा पडदे उघडा, नको ते दिवे विझवा. आणि घरात नवे बाळ आले, की त्याला दिवसाच्या उजेडात नीट पाहा. पिवळे वाटले तर घरी बसून वाट पाहू नका. इकडे घेऊन या. पुढचे आम्ही बघू.