नौशीनने मागितलेला कॅल्क्युलेटर

माझं नाव बदरुन्निसा. मी जुळवलेलं लग्न मोडलं, असं महाडात कुणी एक जरी दाखवून दिलं तर मी बोलायचं सोडून देईन, आणि ते होणं शक्य नाही हे माझ्या घरच्यांना चांगलं माहीत आहे. दोन्हीकडचं ऐकते, अर्धं गिळते, उरलेलं साखर लावून पुढे सांगते. एवढंच काम, पण अक्कल लागते त्याला. आणि मीच जुळवलेलं माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न एका कॅल्क्युलेटरपायी मोडायला आलं होतं. ऐका आता.

माझा धाकटा भाऊ सईद. त्याचे ट्रक एमआयडीसीतून माल भरून वरंध घाटाने भोरला जातात. त्याची मुलगी नौशीन, मी तिची फुफी म्हणजे आत्या. ती इथल्याच कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, आणि विषय कुठला घेतला, तर गणित. तिच्यासाठी मी पोलादपूरकडचा जुनैद बघितला. कुवेतला क्रेन चालवतो, विडी-काडीचं व्यसन नाही, बोलणं कमी. मंगनी झाली. मंगनीच्याच दिवशी जुनैदची आई हलिमाबी सगळ्यांसमोर बोलून गेली, की आता मुलगा सुट्टीवर आला की निकाह, आणि निकाह झाला की कॉलेज बंद, आमच्या घरात बाईमाणसाला गणिताचं काय काम. सईदने मान डोलावली. सईद घाटात समोरच्या गाडीला वाट देतो तशी घरातही सगळ्यांना वाट देतो.

आता आमच्यात मंगनीनंतर मुलगा आखातात असला की मुलीला विचारून काहीतरी पाठवतो. अत्तर, कापड, घड्याळ, गेला बाजार मिक्सर. ते सामान हॉलमध्ये परातीत मांडतात, मोहल्ल्यातल्या बायका येऊन बघतात, हात लावतात, नाकं मुरडतात, शिरखुर्मा खाऊन जातात. जुनैदने शुक्रवारी माझ्या घरी फोन करून विचारलं, फुफी, तिला काय हवंय. मी नौशीनला विचारायला गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर.

मी म्हटलं, घड्याळ माग, सोन्याच्या पट्ट्याचं. तर म्हणते, निरोप आहे तसाच दे. मी म्हटलं, अगो, तुझ्याकडे आहे की कॅल्क्युलेटर. म्हणाली, तो नुसते आकडे देतो, मला रेघ काढून दाखवणारा हवाय. आणि मग तांदळातून मान वर न करता पुढचं बोलली.

"फुफी, तो हा शोधून आणेल तर मी समजेन की तो मला शिकू देईल. नाही आणला तर मी निकाहला हो म्हणणार नाही."

इतक्या हळू आवाजात बोलली की ओरडली असती तर बरं, असं मला झालं.

निरोप दिला. आता कुवेतात जुनैद राहायचा त्या खोलीत सगळी महाड-पोलादपूर तालुक्याचीच माणसं. त्यांच्यात पद्धत अशी, की कुणाच्याही घरी काही पाठवायचं असलं तरी शुक्रवारी सगळी खोली मिळून ठरवते. आणि त्या खोलीचा कायदा एकच, घरी जाणारी वस्तू दारातून दिसली पाहिजे. कॅल्क्युलेटर म्हटल्यावर सगळी खोली बाजारात गेली आणि दुकानातला सगळ्यात मोठा उचलून आली. मुसैब नावाचा त्यांच्यातलाच एक सुट्टीवर येत होता, त्याच्यासोबत तो आला. खोकं बघून सईदला वाटलं टीव्हीच आला.

परातीत मांडला. दोन बाजूला अत्तराच्या बाटल्या, मागे जरीचं कापड आणि मधे हा धोंडा. वाण्याच्या गल्ल्यावर असतो तो, कागदाच्या गुंडाळीवाला. एकीने बटण दाबलं तर खर्रकन पट्टी बाहेर आली आणि ती किंचाळून मागे सरली. दुसरी विचारते, हिला दुकान घालून देणार हाय काय गो? मी हसून वेळ मारून नेली. नौशीनने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, हा बेरजा करतो, फुफी. झालं. सईद मात्र खूश, त्याने तो उचलून ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नेला आणि डिझेलचा हिशोब करत बसला, पट्टी टेबलावरून खाली जमिनीवर लोळेपर्यंत.

पुढच्या शुक्रवारी मी जुनैदला सांगितलं, बाबा, एवढा मोठा नको. बिचारा ओशाळला. खोली पुन्हा बसली. मोठा नको, म्हणजे लहान हवा, आणि लहान असेल तर त्यात जास्तीत जास्त सोयी हव्यात, असा निकाल लागला. मग आली एक चपटी डबी. उघडली की त्यात फोन नंबर, जगातल्या शहरांची घड्याळं, नमाजाच्या वेळा, वर एक धूनही वाजायची. ग्राफ सोडून सगळं होतं मेल्यात.

हलिमाबी त्या दिवशी मुद्दाम पोलादपूरहून एसटीने आली होती. तिला ती डबी इतकी आवडली की हातातून सोडवेना. शेवटी नौशीननेच सांगितलं, तुम्हीच ठेवा. आता तिच्यात वेळ होती कुवेतची, आपल्याहून अडीच तास मागे, आणि ती बदलायची कशी हे कुणालाच माहीत नव्हतं. हलिमाबीने घरी जाऊन दोन दिवस त्या डबीवर नमाज पढली आणि तिसऱ्या दिवशी मशिदीच्या बांगीशी भांडायला गेली, की तू रोज अजान लवकर देतोस. सगळं पोलादपूर हसलं. मी नाही हसले. माझा जीव टांगणीला लागला होता.

माझं डोकं सणकलं. ही वस्तू आहे तरी काय, ते एकदा बघूच, म्हणून मी बुरखा चढवला आणि सरळ कॉलेजात गेले. नौशीनला गणित शिकवणाऱ्या राजश्री मॅडम भल्या बाई, त्यांनी मला खुर्ची दिली. त्यांनी फळ्यावर एक नागमोडी रेघ काढली आणि सांगितलं, की ही काढायला आम्हाला अर्धा तास जातो, ते यंत्र डोळ्यासमोर काढतं, आकडा बदलला की रेघही बदलते. त्यांनी स्वतः ते एकदाच पुण्यात कुणाकडे तरी बघितलं होतं. मी म्हटलं, मग परीक्षेत पहिली येईल म्हणायची आमची पोरगी. तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, परीक्षेत तो चालत नाही हो, वर्गाच्या दारातच काढून ठेवावा लागतो.

कॉलेजच्या पायऱ्या मी कशा उतरले ते मला माहीत नाही. तशीच सईदच्या घरी गेले आणि नौशीनसमोर उभी राहिले. म्हटलं, परीक्षेला चालत नाही, माहीत होतं तुला? म्हणाली, होतं. म्हटलं, मग या वस्तूसाठी लग्न मोडायला निघालीस, वेड लागलंय काय तुला? तेव्हा पहिल्यांदा तिच्या डोळ्यात पाणी आलं.

"परीक्षेसाठी मागितला असता तर कुणीही आणला असता, फुफी. मुलगी पास झाली हे चारचौघांत सांगायला बरं असतं. मला तो नुसता हवाय. मला बघायचंय ती रेघ कशी हलते. मला नुसतं हवंय म्हणून कुणी काही आणेल का, तेवढंच मला कळायचंय."

माझ्या लग्नात मला साडीचा रंगसुद्धा कुणी विचारला नव्हता, आणि मलाही कधी त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. फार वाईट वाटलं.

शुक्रवारी मी नौशीनला माझ्या घरी बोलावून घेतलं, आणि फोन वाजला. मी ना साखर लावली, ना काही गिळलं. जुनैदला सरळ सांगितलं, की तुझ्या दोन्ही वस्तू चुकल्या, आणि जी हवी आहे ती परीक्षेला चालत नाही, तरीही ती हवी आहे. मग म्हणाला, मग कशाला हवाय? मी म्हटलं, ते तूच विचार तिला, आणि रिसिव्हर नौशीनच्या हातात दिला. निकाहाआधी आमच्या घरात मुलगा-मुलगी फोनवर बोलतात, असं कुणी ऐकलं असतं तर माझं नाक कापलं गेलं असतं. म्हणून मी दारात पाट टाकून बसले. सईद आला, त्याला मी तिथूनच पान आणायला परत पाठवला.

मला एकच बाजू ऐकू येत होती. आधी नुसतं हां आणि नाही. मग ती म्हणाली, तुम्ही क्रेनचा दांडा उचलता ना, तेव्हा त्याचं टोक हवेत कुठून कुठून जातं, ते कागदावर काढलं तर कसं दिसेल? त्यानंतर जी सुरू झाली ती थांबेचना. मधेच त्याचं कार्ड संपलं, फोन कट झाला. मला वाटलं सुटला बिचारा. पण दुसरं कार्ड घालून त्याने परत लावला. शेवटी तिने त्याला कसलंसं समीकरण लिहून घ्यायला लावलं. म्हणाली, दुकानदाराला हे घालायला सांगा, दोन डोंगर आणि मधे खिंड दिसली तरच घ्या. फोन ठेवला तेव्हा तिचे गाल लाल झाले होते.

आणि त्यानंतर फोनच नाही. शुक्रवार आला आणि गेला, दुसराही गेला, तिसराही. हलिमाबीचा निरोप तेवढा आला, की जुनैद येतोय, तो आल्यावर येणाऱ्या जुम्म्याला निकाह, पत्रिका छापायला टाका. नौशीनने ऐकून घेतलं आणि आत गेली. लग्न मोडल्याचं हलिमाबीला कुठल्या शब्दांत सांगायचं, याची मी मनातल्या मनात तयारी करू लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द जुळवता येईनात.

जुनैद आला तो आईला घेऊन थेट आमच्याकडे. सोबत मुसैब, त्याची सुट्टी अजून संपली नव्हती. हॉल बायकांनी भरलेला, सईद कोपऱ्यात. मोठी बॅग नाही, खोकं नाही, त्याच्या हातात एक लहानसा डबा. मुसैबला खोलीतल्यांनी फोनवर सगळं सांगितलं होतं, तो आल्या आल्या तक्रार करायला लागला, की याने खोलीला विचारलंच नाही, सुट्टीच्या दिवशी एकटाच दुकानं पालथी घालत फिरला, प्रत्येक दुकानदाराला ते समीकरण घालायला लावलं, एकाने तर याला बाहेर काढला. जुनैदने डबा नौशीनसमोर ठेवला. हलिमाबी म्हणाली, एवढासाच हाय?

डबा आधीच उघडलेला होता. आतल्या पुस्तकाची पानं हाताळून मऊ झाली होती, कडेला पेन्सिलीने मराठीत काहीबाही लिहिलेलं. जुनैद जमिनीकडे बघत म्हणाला, की तुम्ही सांगितलेली रेघ मी काढून ठेवली आहे. नौशीनने बटण दाबलं. पडद्यावर एक काळी रेघ डावीकडून उतरत आली, तळाला टेकली आणि उजवीकडे चढत गेली. बायका माना उंचावून बघायला लागल्या. कुणाला काही कळलं नाही, पण सगळ्या वा वा म्हणाल्या. मी मनात अल्लाहची करुणा भाकत होते, की हिनेही वा म्हणावं आणि मोकळं व्हावं.

नौशीन म्हणाली, "हे चुकलंय."

हलिमाबीचा चेहरा उतरला. सईद पंख्याकडे बघायला लागला. इतकी लग्नं जुळवलीत मी, पुरुषाला चुकलास म्हटल्यावर काय होतं ते मला पाठ आहे. रस्ता चुकलेला असो नाहीतर आमटीतलं मीठ, पहिलं वाक्य ठरलेलं, कोण म्हणतं? मी डोळे मिटून घेतले.

"कुठं?" जुनैदने विचारलं.

मी डोळे उघडले. तो पुढे सरकून पडद्यात बघत होता. नौशीनने बोट ठेवलं आणि म्हणाली, इथे कंस राहिलाय, म्हणून नुसती खिंड आली, डोंगर आलेच नाहीत. तो म्हणाला, तरीच, दुकानात माथे दिसले होते, नंतर मी पुसून स्वतः केलं तेव्हापासून येईनात. मला वाटलं डोंगर पडद्याबाहेर गेले असतील.

"दुकानदाराने बरोबर काढलं होतं, तर पुसलंत कशाला?" तिने विचारलं.

"मला स्वतः करून बघायचं होतं."

नौशीनने यंत्र त्याच्या हातात दिलं. क्रेन चालवणारी ती जाडजूड बोटं, एकेका वेळी दोन दोन बटणं दाबली जात होती, आणि ती शेजारी बसून सांगत होती, हे नाही, त्याच्या बाजूचं. हलिमाबी खाकरली. म्हणाली, मग येत्या जुम्म्याचं पक्कं ना, आणि कॉलेजात काय ते सांगून टाका.

"परीक्षेनंतर, अम्मी," जुनैद मान वर न करता म्हणाला. "आणि त्याच्या पुढचं ती सांगेल."

मला भर हॉलमध्ये रडू फुटलं, आणि मी ते लपवलंही नाही. हलिमाबी उठून माझ्याजवळ आली आणि दातओठ खात पुटपुटली, "तुझी भाची उलट बोलते गो, बदरुन्निसा."

"बोलते," मी म्हटलं. "आणि तुझा मुलगा ऐकतो. मी जुळवलंय ते."

तिने दोघांकडे बघितलं. मग माझ्या हातातला चहा घेऊन बशीत ओतला आणि विचारलं, परीक्षा संपते कधी.