सरकार नेहमी जिंकतात

वयाची पन्नाशी आली तरी तादामुने सरकार काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या 'गो' या खेळाचा एकही डाव हरले नव्हते. संस्थान होतं तेव्हा जिंकले. संस्थान खालसा झालं आणि सम्राटांनी त्यांना व्हायकाउंट हा सरदारकीचा किताब दिला, तरी जिंकतच राहिले. शेंडी गेली, कमरेच्या दोन तलवारी गेल्या, अंगात कोट आला. पण रोज दुपारी कारभारी मुरोझुमी पटासमोर बसे आणि शेवटी जिंकलेली घरं मोजली की बरोब्बर दोन घरांनी हरे. एके दिवशी सरकारांच्या मनात पाल चुकचुकली. हा मुद्दाम तर हरत नाही ना? आपल्याला खरंच खेळता येतं का, हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागेना.

शेवटी जुना किमोनो चढवून ते गुपचूप असाकुसा वस्तीतल्या गोच्या अड्ड्यावर गेले. समोर टोफू विकणारी म्हातारी ओताने बसली. अर्ध्या तासात तिने त्यांचा फडशा पाडला.

"अहो भाऊ, कुणी शिकवलं हो तुम्हाला? त्याचं तुमचं जुनं वैर होतं का?"

अख्खा अड्डा खो-खो हसला. सरकारांचे कान लाल झाले, पण आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याशी खरं बोललं होतं! आठ दिवस ते रोज जाऊन मार खात राहिले.

नवव्या दिवशी ते जिंकले. दोन घरांनी.

दोनच? त्यांनी ओतानेकडे रोखून पाहिलं. "आजी, खरं सांगा."

"मी तरी काय करू?" म्हातारी पुटपुटली. "काल तुमचा माग काढत तुमचे कारभारी आले. तीन डाव माझी धुलाई केली, आणि वर हात जोडून म्हणाले, आमच्या सरकारांना जिंकू द्या. बरोब्बर दोन घरांनी हरायचं कसं, तेही त्यांनीच शिकवलं. बाई गं, असला खेळाडू मी उभ्या जन्मात पाहिला नाही!"

सरकार तडक घरी आले आणि पट मांडून बसले. "मुरोझुमी, आज खरा खेळ. हुकूम आहे."

मुरोझुमीने चटईला कपाळ टेकवलं. हुकूम मोडणं त्याच्या सात पिढ्यांत नव्हतं. चहा निवायच्या आत सरकारांच्या सोंगट्यांना पटावर थारा उरला नाही. आणि तीस वर्षं पोटात दाबलेलं मुरोझुमीच्या तोंडून निसटलं, "काय हे खेळणं, सरकार! एखाद्या दगडाला शिकवलं असतं, तर तोसुद्धा..."

त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. सरकारांच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. ते गुडघ्यांवर पुढे सरकले.

"थांबलास का? वाक्य पुरं कर."