मैनाबाईंच्या जखमेतला चिकट थर

मित्रांनो, मी जखम खरवडायची एक जुनी चमची आहे. पेन्सिलीएवढी लांब, टोकाला खोलगट वाटी आणि त्या वाटीची कड धारदार. जेवायच्या चमच्याला धार लागत नाही. माझी गेली तर मी निकामी.

एका कारखान्यात स्टीलच्या सळईतून ठोकून, घासून मला घडवलं आणि यवतमाळजवळच्या कळंबच्या एका लहान दवाखान्यात पाठवलं. सुरुवातीची वर्षं मानाची गेली. तेव्हाचे डॉक्टर नरहर "आधी चमची, मग पट्टी" असं म्हणत आणि ते पाळत. ते थकल्यावर दवाखाना दुसऱ्यांकडे गेला. जखम खरवडायला वेळ लागतो, चिठ्ठीवर गोळ्या लिहायला लागत नाही. मी कपाटाच्या खालच्या खणात जाऊन पडले आणि तिथेच बोथट झाले.

पुढे डॉ. शाल्मली आल्या. त्यांनी मला बाहेर काढलं, धार लावून घेतली, वाफेच्या भांड्यात निर्जंतुक केलं. त्यानंतर माझ्यापुढे आलेली सर्वांत अवघड जखम मैनाबाईंची.

मैनाबाई जवळच्याच खेड्यातल्या. घरी कापूस आणि तुरीची शेती. साखरेचा आजार जुना, त्यामुळे तळपाय बधिर. उन्हाळ्यात पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं धसकट त्यांच्या चपलेतून आरपार पायात, करंगळीच्या बुडाशी घुसलं, तरी त्यांना कळलं नाही. चप्पल ओली का झाली म्हणून खाली पाहिलं, तेव्हा रक्त दिसलं. रक्त थांबलं, वर खपली आली, पण जखम बरी होईना. गोळ्या सुरू असेपर्यंत ती वाळे, संपल्या की पुन्हा फुटे. पट्टीवर हिरवट डाग पडू लागले. यवतमाळच्या सर्जननी स्पष्ट सांगितलं, पुढच्या तपासणीपर्यंत सुधारणा दिसली नाही तर अर्धं पाऊल काढावं लागेल.

"अर्ध्या पावलावर मी शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं कशी चालू?" मैनाबाईंनी शाल्मलींना पहिल्याच दिवशी विचारलं.

"म्हणून तर खरवडून बघायचं, मावशी. जखमेत घरी काही भरलं होतं का?"

"काही नाही बाप्पा. हळदसुद्धा नाही."

मी वरची खपली काढून आत गेले. आतलं मांस निरोगी असतं तर मला ते घट्ट लागलं असतं. इथे मी घसरत होते. शेवाळलेल्या दगडावर पाय घसरतो तशी. बुळबुळीत, राखाडी थर. तो खरवडताना माझ्या वाटीत काळे कण आले.

"हे काळं काय आहे?" शाल्मलींनी विचारलं.

दाराशी उभे असलेले मैनाबाईंचे नवरे, नानाजी, खाकरले. "तो देवापुढचा कापूस होय, मॅडम. सीतादहीचा. जाळून भरलता मी."

कापसाच्या पहिल्या वेच्याआधी या भागात शेतात सीतादहीची पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. त्या दिवशीचा मूठभर कापूस नानाजींनी देव्हाऱ्यात ठेवला होता. पाय फुटला तेव्हा तोच त्यांनी जाळला आणि राख जखमेत दाबली.

"अन् आतापर्यंत बोलले काहून नाही?" मैनाबाई उसळल्या. "मी इकडं पाहूच शकली नाही, रक्त पाहून डोळे मिटलते."

"मले कोणी विचारलं? सारे तुलेच विचारत."

"यायले साधा चहा करता येत नाही, मॅडम, अन् जखमेत राख भरायले बरे पुढं झाले!"

शाल्मली हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. "दाब देऊन रक्त थांबवलंत ते बरोबर केलंत, नानाजी. पण राखेत अर्धवट जळलेले धागे राहिले. त्यावर जिवाणू चिकटून बसले. त्यांनी स्वतःभोवती चिकट रस सोडला आणि आत वस्ती केली. याला बायोफिल्म म्हणतात."

"मंग इतक्या गोळ्या खाल्ल्या, त्या कुठं गेल्या?" नानाजींनी विचारलं.

"औषध थरात खोलवर नीट पोचत नाही. शिवाय हे जिवाणू आपल्याच आवरणाचे बारीक फुगे सोडतात. काही फुग्यांत औषध तोडणारा रस असतो. औषध जिवाणूपर्यंत पोचायच्या आत वाटेतच मोडतं. काही फुग्यांतलं विष आपल्या मांसाला मारतं. फुटलेल्या फुग्यांचा चिकटा पुन्हा थरातच जातो."

"मेले भलतेच हुशार होय!"

"तुमच्याहून," मैनाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, ते फुगे मी कधी पाहिले नाहीत. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ते दिसत नाहीत. थर मात्र मला लागतो, आणि जिथे तो लागतो तिथून तो निघेपर्यंत मी हलत नाही. खरवडलेला थर लवकरच पुन्हा धरू लागतो. म्हणून शाल्मलींनी ठरवलं, एक दिवसाआड खरवडायचं आणि जिवाणू उघडे पडले असतानाच औषध द्यायचं. वाटीतला ऐवज प्रयोगशाळेत गेला. कोणतं औषध चालेल ते तिथून कळलं. साखर आटोक्यात ठेवायची आणि त्या पायावर भार द्यायचा नाही, हेही ठरलं.

मैनाबाई कंटाळल्या. "काहून सारखं खरडून राह्यल्या? पायाले कळत नाही, पण कानाले तं कळते ना. ती खरखर आयकवत नाही."

"गाणं लावू का?"

"लावा. पण मोठ्यानं लावा."

दवाखान्यात गाणं वाजे आणि मी काम करी. नानाजी त्यांना न चुकता ऑटोतून आणत, उचलून टेबलावर बसवत आणि बोलणी खात. करंगळी वाचली नाही. थर तिच्या हाडापर्यंत गेला होता, ती काढावी लागली. पण उरलेल्या जखमेत एके दिवशी मी घसरले नाही. खाली घट्ट, लाल मांस लागलं आणि स्वच्छ रक्त आलं. यवतमाळच्या सर्जननी जखम तपासली आणि पाऊल काढायची गरज नाही असं सांगितलं.

आता माझं एक मागणं आहे. बधिर पायाला लागलं तर दुखत नाही, आणि दुखलं नाही की कोणी सांगत नाही. तुमच्या घरी कुणाला साखरेचा आजार असेल तर त्यांना रोज उजेडात बसवा, पाय वर घ्यायला सांगा, तळवा नीट बघा, बोटांच्या बेचक्यातही बघा. जखम दिसली तर तिच्यात काही भरू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा, स्वच्छ कापडानं झाका आणि मोठ्यांना सांगून दवाखाना गाठा. घरी काही लावलेलं असेल तर कोणी विचारायची वाट न पाहता सांगून टाका. आजी म्हणेल, "अवं, मले काहीच होत नाही." तरी तळवा बघितल्याशिवाय उठू नका.